चूक हाताची की मालाची

प्रिय बाबा,

आधी बातमी, मग ख्यालीखुशाली. तेवढा धीर तुमच्या लेकीत नाही. काल दुपारी प्रयोगशाळेत माझा ठोकळा दाबयंत्राखाली ठेवला. मुठीएवढा, पांढराशुभ्र. साधे सिमेंटचे ठोकळे दाबाच्या ज्या आकड्याला मान टाकतात तो केव्हाच मागे पडला, तरी पठ्ठ्या हलेना. आमचे सर कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष, त्यांनी चष्मा काढून पुसला. शेवटी फुटला तेव्हा आवाजाने शेजारच्या खोलीतले धावत आले. मी तिथेच फरशीवर बसून हसले आणि रडलेही.

तुम्ही आईला म्हणाला होतात, पोरगी एवढं शिकली आणि शेवटी चिखलच कालवतेय. खरं आहे. फक्त माझा चिखल मीच जन्माला घालते. खाणीतल्या मातीत लोह असतं, चुना असतो, काय काय असतं. ठोकळा तडकला तर दोष कुणाचा ते कळत नाही. म्हणून मी सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियमचं मीठ गोंदाच्या पाण्यात एकजीव करून आटवते. ते उतू जाणाऱ्या दुधासारखं फुगतं. मग भट्टीत भाजायचं, दळायचं. जी भुकटी हाती येते तिच्यात मी घातलं त्याशिवाय दुसरं काही नसतं. जहाल क्षाराच्या पाण्यात ती कालवली की सिमेंटशिवाय दगड होतो.

होतो म्हणजे, व्हायला हवा होता. दोन वर्षं नुसते तडे. भुकटी अधाशी, सगळं पाणी पिऊन टाकायची. मी आणखी ओतायची आणि लवकर सुकावं म्हणून ठोकळे उघडे ठेवायची. मग एकदा तुम्ही आठवलात, गिलाव्यावर ओली पोती टाकताना. भिंत वाळवायची नसते गं, मुरवायची असते, असं म्हणायचात. मी कालवतानाचं पाणी कमी केलं, साचे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उबेला ठेवले. ही युक्ती कुठल्या पुस्तकातली, असं सरांनी विचारलं. म्हटलं, घरची विद्या आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुम्ही बांधलेल्या शाळेच्या त्या भिंतीबद्दल आपल्या घरात नऊ वर्षं कुणी अवाक्षर काढलं नाही. ती सुट्टीच्या दिवशी पडली म्हणून पोरं वाचली. ठेकेदाराने चारचौघांत तुमच्या हाताला नावं ठेवली आणि तुम्ही थापी माळ्यावर टाकलीत ती टाकलीतच. त्या दिवशी ढिगाऱ्यातला एक तुकडा मी तुमच्या नकळत उचलला होता. या शुद्ध भुकटीच्या मागे मी लागले तीही त्या तुकड्यापायीच. मागच्या महिन्यात तो तपासला, तीनदा. सिमेंट नावालाच होतं, बाकी माती आणि खारट वाळू. माल ठेकेदाराचा होता, बाबा. तुमचा हात चुकला नव्हता. सरांच्या सहीचा अहवाल सोबत आहे, आईला मोठ्याने वाचून दाखवा. प्रयोगशाळेच्या अंगणात आता माझ्या ठोकळ्यांची कमरेएवढी भिंत उभी करायची आहे आणि सर गवंडी शोधत होते. मी सांगितलं, शोधू नका. या मालात खोट नाही, तेव्हा भिंत सरळ उभी राहिली तर नाव तुमच्या हाताचंच होईल. रविवारी तुम्हाला न्यायला येतेय. थापी माळ्यावरून काढून ठेवा, गंज मी घासते.

तुमचीच,
धरलं ते न सोडणारी घोरपड