मामाची मांडी

ति. दशरथमामा यांस,

वर नमस्कार लिहिलेला नाही. तो चुकून राहिलेला नाही.

रविवारी माझ्या रेवाचे कान टोचायचे होते. मला भाऊ नाही, म्हणून तिला मांडीवर घेऊन बसायला आईने तुम्हाला, तिच्या भावाला, लोणीहून बोलावलं. रेवा म्हणाली, "नको. मी खुर्चीवर बसते." तरी तुम्ही तिचा हात धरून ओढलंत. तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "नको म्हटलं की थांबायचं असतं." पाळणाघरातल्या बाई हे सगळ्याच मुलांना शिकवतात.

मी तिला खुर्चीवर बसवलं. सोनारकाकांची काही हरकत नव्हती. तुम्ही म्हणालात, "आयटीत नोकरी लागली, आता नाती कशाला लागतात?" आणि न जेवता गेलात. तुमच्या वाटणीच्या पुरणपोळ्या आम्ही खाल्ल्या.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून आईने आज मला माफीचं पत्र लिहायला बसवलं. शेजारी बसून ती रेवाची समजूत काढत होती. मधेच तिने विचारलं, "आणि नको म्हणूनही कोणी थांबलं नाही तर?"

रेवा म्हणाली, "आईला सांगायचं. आई रागवत नाही."

आई माझ्याकडे वळली. मग मला म्हणाली, "लहानपणी सुट्टीत लोणीला जायचं म्हटलं की तू रडायचीस. ते का गं?"

मी सांगितलं.

त्यामुळे हे पत्र आता पोस्टात टाकत नाही. आई स्वतःच ते घेऊन लोणीची बस पकडायला निघते आहे.

तुमच्या बहिणीची मुलगी,
चैताली