मामींच्या हाताचं मीठ

८ जानेवारी, गुरुवार

आज पुन्हा तेच. डोळे उघडले तर मामी पायथ्याशी बसलेल्या, गोधडी बाजूला सारून माझ्या घोट्याच्या वर अंगठा दाबून बघत होत्या. नांदेडच्या दवाखान्यातून घरी सोडताना सिस्टरनं दाखवलं होतं: दाबल्यावर खळगा राहिला तर अंगात पाणी साठतंय, लगेच फोन करा. प्रकाश तेव्हा औषधं आणायला खाली गेलेला. खोलीत सासूबाई होत्या, म्हणून हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा! लग्नात आळीभर बायकांसमोर मी सासूबाईंच्या पाया पडून घरात आले. तेव्हापासून मामी म्हणते, अहोजाहो करते. आणि आता ही उलटी गंगा.

"मामी, मी बघते ना माझं."

"वाकू नको. डाक्टरनं काय सांगितलं?"

डॉक्टर म्हणाले होते वजन उचलू नका, जिना नको, दगदग नको. वाकू नका असं कुणीच म्हणालं नाही. पण मामींशी वाद कोण घालणार. बघून झालं की मी त्यांचे हात ओढून कपाळाला लावते, तेवढीच फिटंफाट. त्या म्हणतात, "पाया पडायला बी ताकद लागती. राहू दे."

१० जानेवारी, शनि.

भेटायला दोघी आल्या. ग्लुकोजचे पुडे आणि तोंडभर हळहळ. "एवढ्या वयात अटॅक!" अटॅक नाही हो, ताप आला होता, त्यानं हृदयाच्या स्नायूला सूज आली, पंपिंग कमी झालंय, भरून येईल. सगळं ऐकून घेतात आणि उठताना म्हणतात, "जप गं, पुन्हा अटॅक नको." मला आता सांगायचाही कंटाळा आलाय.

वाईट त्याचं नाही. दिसायला मी धडधाकट. गाल वर आलेत, केस विंचरलेले. आणि माझ्यासमोरून साठी उलटलेली बाई पाण्याची कळशी घेऊन जाते. बघणाऱ्याला काय दिसत असेल? मलाही तेच दिसतं.

शनिवार, म्हणून मारुतीचा नैवेद्य. देवळाची दिवाबत्ती आणि शनिवारचा नैवेद्य आमच्या गुरवाच्या घराकडे, सासरे गेल्यापासून मामीच करतात. देवाच्या आधी चाखायचं नसतं. मामींनी उभ्या जन्मात नैवेद्याचं वरण चाखून बघितलेलं नाही, आणि मीठ कधी कमी नाही की जास्त नाही. बाळापुरात कुणालाही विचारा.

१३ जानेवारी, भोगी

भोगीची भाजी, बाजरीची भाकरी, तिळाचा कूट. अळणी. मला मीठ अगदी कमी सांगितलंय, तर मामींनी सगळ्या घराचा स्वयंपाकच अळणी करून टाकला. "एकाच घरात दोन चुली काहून?" ज्याला हवं त्यानं ताटात वरून घ्यायचं. प्र. घेतो. मामी घेत नाहीत. लोणच्याच्या बरण्यासुद्धा धाकट्या जावेकडे सेनगावला पाठवून दिल्या, माझ्या डोळ्यासमोर नकोत म्हणून.

एवढं करतात आणि मला घास गिळवत नाही. मातीसारखं लागतं. मी आपलं चांगलं झालंय म्हणाले. माझ्या जिभेचे चोचले कुणाला सांगू.

१५ जानेवारी

हळदीकुंकवाला बायका आल्या, आणि नेमकं त्याच वेळी मामींना आठवलं की आज सकाळी पाय बघायचे राहिले. सगळ्यांसमोर खाली बसल्या. मी पाय ओढून घेतला तर म्हणतात, "लाजती काहून, तुझ्या पायाला काय सोनं लागलं?" बायका हसल्या. एक म्हणाली, "नशीब लागतं बाई अशी सासू मिळायला." दुसरी नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते जास्त लागलं.

ठरवलं, उद्यापासून आपण आधीच बघायचं आणि सांगून टाकायचं.

१७ जाने., शनि.

जमलं. पहाटेच मोजे घातले. मामी आल्या तेव्हा म्हटलं, "बघितलं मी, काही नाही." दोनदा विचारलं, मग गेल्या. आज खरंच काही नव्हतं.

शेजारच्या नसीमभाभी दुपारी बसायला आल्या. किती दिवसांनी कुणीतरी आजाराशिवाय बोललं! त्यांच्या जावयाची मोटारसायकल, वारंगा फाट्यावर प्र.च्या दुकानासमोर होणारा पूल, काय काय. निघताना माझ्या तोंडून गेलं, "भाभी, थोडं लिंबाचं लोणचं असलं तर..."

"डॉक्टर मना नहीं किया?"

"थोडं चालतं म्हणाले."

असं खोटं मी ऑफिसात साहेबाशीसुद्धा बोललेली नाही.

१९ जानेवारी

भाभींनी काचेची छोटी बरणी आणून दिली. मामी देवळात. बरणी कुठं ठेवायची? ऑफिसच्या पर्समध्ये. पर्स खुंटीला तशीच आहे, कळमनुरीला कामावर शेवटचं गेले त्या दिवसापासून, आत बसची तिकिटं आणि कंगवा. सुनेच्या पर्सला मामी कधीच हात लावणार नाहीत. हे मला पक्कं माहीत, म्हणूनच तिथं ठेवली.

संध्याकाळी त्या दिवाबत्तीला गेल्या की भाकरीचा तुकडा आणि एक फोड. पहिल्या घासाला डोळ्यात पाणी आलं. लाज वाटली म्हणून नाही, चव आली म्हणून. लाज नंतर वाटली, तोंड धुताना.

२२ जाने.

एक फोड म्हणता म्हणता खारसुद्धा पुसून खाते.

आज मोजे काढून दाबलं. खळगा राहिला. थोडाच. मोज्याच्या इलॅस्टिकमुळे असेल.

मामींना म्हटलं, काही नाही.

२४ जाने., शनि.

इलॅस्टिकमुळे नव्हतं. दुपारी आडवी झाले तर दम लागला, उठून बसावं लागलं. मामी नैवेद्य ठेवून आल्या, माझं तोंड बघितलं आणि मोजे ओढून काढले. अंगठा दाबला, उचलला, आणि तो खळगा तसाच. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो.

प्र. दुकान बंद करून आला. डॉक्टरांना फोन. लघवीची गोळी दुप्पट, दोन दिवसांत उतरलं नाही तर घेऊन या. मग त्यांनी विचारलं, खाण्यात मीठ वाढलं का? फोन स्पीकरवर होता.

प्र. आईकडे वळला. "आई? मीठ पडलं का कुठं?"

मामी म्हणाल्या, "मी तर घालतच न्हाई... सवयीनं पडलं असंल. आजकाल ध्यान राहत न्हाई."

"ध्यान राहत नाही म्हणजे? तिचा जीव आहे तो!"

मी तिथंच होते. माझ्यापासून हातभर अंतरावर पर्स लटकत होती. मी काही बोलले नाही. धाप लागली होती म्हणून, असं लिहिणार होते. धाप लागली होती, पण तेवढी नव्हती.

२६ जाने.

सूज उतरली. बाथरूमच्या खेपा. नांदेडला न्यावं लागलं नाही.

मामींनी घरातलं मीठ, खड्याचं आणि बारीक, दोन्ही पिशवीत बांधून नसीमभाभींना देऊन टाकलं. आता प्र.लासुद्धा वरून घ्यायला मीठ नाही. भाभी दारातून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं असेल का? मी मान खाली घातली. बरणीतलं उरलेलं तसंच आहे. फेकायला बाहेर जायची हिंमत नाही, खायची इच्छा मेली.

२९ जाने.

मामी स्वयंपाकाला उभ्या राहतात आणि थांबतात. घरात मिठाचा खडा नाही, तरी आज वरणाच्या पातेल्यासमोर किती वेळ नुसत्या उभ्या. मग मला हाक: "वर्षा, मी काही घातलं का गं ह्यात?"

"नाही मामी."

"तू बघत होतीस?"

"हो."

"बराबर बघितलं ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३१ जाने., शनि.

आज मारुतीला फक्त केळी. मामींनी नैवेद्य केला नाही. प्र.नं विचारलं तर म्हणाल्या, "हात गेला माझा. न चाखता कसं करावं, आणि चाखून देवाला कसं द्यावं?" प्र. म्हणाला, "बरं झालं, थोडा आराम कर." त्याला वाटलं तो समजूतदारपणे बोलतोय.

दुपारभर ओट्यावर बसून होत्या. हातात काम नसलेली मामी मी पहिल्यांदा बघितली.

३ फेब्रुवारी

मामी सेनगावला निघाल्यात, धाकट्याकडे. कायमच्या नाही म्हणतात. "मी असली की चुलीपाशी जाती, आणि गेली की घोटाळा. माझ्या हातानं लेकरू जाईल." हे त्या प्र.ला सांगत होत्या. लेकरू म्हणजे मी. प्र.नं डब्यावालीशी बोलून ठेवलंय. शनिवारी सकाळची गाडी.

आज सांगते, आज सांगते, करत संध्याकाळ झाली.

५ फेब्रु.

कपड्यांची पिशवी दाराशी. त्यात सासऱ्यांचा फोटोसुद्धा ठेवलाय. चार दिवसांसाठी कुणी फोटो नेत नाही.

सकाळी पाय बघितले त्यांनी. मी मोजे घालत नाही आता. अंगठा हलकेच टेकवतात, जोर देत नाहीत. "चांगलं हाय," म्हणाल्या आणि पदरानं माझा पाय पुसला. का पुसला कोण जाणे. मी भिंतीकडे तोंड केलं.

६ फेब्रु., शुक्र.

सांगितलं.

तीनच्या सुमारास त्या वाती वळत होत्या. पर्स खुंटीवरून काढली, बरणी काढून त्यांच्यासमोर ठेवली. पाठ केलेलं सगळं विसरले. "मामी, मीठ तुमच्या हातचं नव्हतं. हे होतं. मी मागून घेतलं, मी खाल्लं. तुमचा हात काही गेलेला नाही."

मामींनी बरणी घेतली. झाकण काढलं, वास घेतला, उजेडाकडे धरून बघितली.

"तेल कमी पडलंय ह्यात. बुरशी धरंल."

बस, एवढंच. झाकण लावलं आणि पुन्हा वाती वळायला लागल्या. मी म्हटलं, "मामी, काहीतरी बोला ना. रागवा तरी." त्या वाती मोजून ताटलीत ठेवत राहिल्या. मग उठल्या, चप्पल घातली आणि दिवाबत्तीला गेल्या. अजून ऊन होतं, दिवा लावायची वेळ झाली नव्हती.

प्र.लाही सांगितलं, तो ताट घेऊन बसायला लागला तेव्हा. हातातलं ताट खाली ठेवलं त्यानं. "मी आईला काय काय बोललो, वर्षा." माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. बाहेर जाऊन देवळाच्या रस्त्याकडे बघत उभा राहिला. मामी आल्यावर "आई" म्हणाला. त्या म्हणाल्या, "जेवून घे, निवलं सगळं."

पिशवी दाराशीच आहे.

७ फेब्रु., शनि.

उजाडलंय. मामी पाय बघायला आल्या नाहीत. इतक्या दिवसांत असं कधीच झालं नाही, हळदीकुंकवाच्या दिवशीसुद्धा उशिरा का होईना बसल्याच होत्या.

नहाणीत पाणी ओतल्याचा आवाज झाला. मग देवघरातली घंटी. मग बराच वेळ काही नाही. पिशवी इथून दिसते, हलवलेली नाही. प्र. गाडीची वेळ झाली म्हणून अंगणात घुटमळतोय, पण हाक मारत नाही.

नसीमभाभींच्या दाराची कडी वाजली. मामींचा आवाज: "भाभी, ते मीठ दिलं व्हतं ना मी, त्यातलं मूठभर द्या." भाभी काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

आता फोडणीचा वास येतोय. मारुतीसाठी की जायच्या आधी ह्या घरासाठी शेवटचं, कळत नाही. विचारायला उठावं तर धीर होत नाही.

घोटा मला स्वतःला दाबता येतो. हात पोचतो. दाबलेला नाही. गोधडीतून दोन्ही पाय बाहेर काढून बसले आहे.