कडा नसलेला पापुद्रा

५ जानेवारी
आले एकदाची वडवणीत! कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचं आणि उरल्या वेळात पीएच.डी. उरकायची. माडीवरची खोली झकास आहे. घरमालकीण कडूबाई, दोन म्हशींच्या धनी. दुधाची त्यांना भारी ऐट. लई साय येती, काढून खात जावा, असं तीनदा बजावलं. आठ महिन्यांची माझी लेक छबी लिंबागणेशला आईकडे आहे. बस्तान बसलं की आई तिला आणून सोडेल. तिच्यावाचून मुळीच करमत नाही.

७ जानेवारी
कॉम्प्युटरवर अणूंचा पातळ पापुद्रा रचला. तो ताणायचा, आतला ताण मोजायचा, लवचिकता काढायची. आमची रीत अशी की डावी कडा उजवीला जोडून टाकायची, म्हणजे पापुद्र्याला शेवटच राहत नाही. हिशेब रात्रंदिवस चालेल.

९ जानेवारी
दीडपट ताणला तरी फाटेना. चूक सापडली: पापुद्र्यावर मोकळी जागा सोडायलाच विसरले! ती नसली की तो वर जे काही येईल त्याला चिकटतो. गाढवपणा माझाच. आता प्रोग्राम बंदही होत नाही.
म्हशीनं पान्हा सोडला न्हाई, असं कडूबाई म्हणाल्या, म्हणून कोराच चहा केला. त्यावर साय धरली. बोटाने काढायला गेले तर लांबत लांबत मनगटापर्यंत आली. शी!

११ जानेवारी
हात बुळबुळीत. राखेने घासला. पापुद्रा सोलायला कडाच लागत नाही. जिभेवरही आहे, गिळला तरी तेवढाच. दोनदा ओकले.
आईला येऊ नको म्हणून फोन लावतेय तोच ती दारात. छबीने हात पसरले. घ्यायला नको होती. घेतली.

१२ जानेवारी, सकाळ
आई पहाटेच गावी परत गेली. छबीच्या ओठांवर — तोच. कोमट, आंबूस वासाचा. तिचा गाल माझ्या गळ्याला चिकटलाय, मधे एकच कातडं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ताण वाढला की ती कळवळते.
प्रोग्राममधल्या जोडलेल्या कडा सोडवायच्या, म्हणजे यालाही कडा येईल. तेवढाच उपाय —

दुपार
सुटल्या. प्रोग्रामने ऐकलं. पण छबीचं नाक झाकत चाललंय — कडा कुठेय — तिच्या तोंडाभोवती नाही — गळ्याशी नाही —
सापडली. माझ्या डाव्या पापणीखाली.

ओढला. शी, किती लांब — डोळ्यासकट आला —
तिची एक नाकपुडी मोकळी झाली. श्वास घेतेय. बाई गं, घेतेय.
दुसरी राहिली. ती उजव्या डोळ्याकडूनच निघेल.
कडूबाई, छबीला आईकडे पोचवा, लिंबागणेश, देवळामागं. ओढतेय. अजून थोडं, आता मला दिस