छत्रीवालीचं कपाळ

एडमंटन, १९ जानेवारी

कितीतरी वर्षांपूर्वी आमच्या बेसमेंटमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. नागपूरहून आलेली आई सगळ्या बायकांना कुंकू लावून भिंतीला टेकवलेल्या जपानी चित्रापाशी थांबली. त्याला अजून काच बसायची होती. बर्फात छत्री घेऊन एकटीच उभी असलेली बाई. "हिला कशी वगळू? थंडीत उभी आहे बिचारी," म्हणत आईने तिच्याही कपाळावर बोट टेकवलं. सुधीर धावत आला. "आई, दीडशे वर्षांचं चित्र आहे हो ते!"

"मग तर माझ्याहून मोठी की, जावईबापू. नमस्कारच करते."

आता आई नाही, सुधीरही नाही. आणि आज मंजिरीने ते चित्र मला न सांगता जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्याकडून साफ करून आणलं. "सरप्राइज, आई! डाग गेला बघ. ही वॉज सो केअरफुल."

कपाळ कोरं. मी थँक यू म्हटलं. कॉन्व्हेंटची सवय, दुसरं काय. लेकीने प्रेमानेच केलं, तिला कुठे माहीत होतं? आता सांगून तिला रडवायचं कशाला? संध्याकाळभर त्या कपाळाकडेच बघत बसले. आईचं बोट होतं तिथे.

हे घर सोडून छोट्या कॉन्डो-फ्लॅटमध्ये जायच्या आधी, कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते. छत्रीवाली मंजिरीला. दुसरं चित्र, नदीकाठच्या बाईचं, नात ताराला. आईचा चांदीचा करंडाही मंजिरीलाच द्यायचा, आतल्या कुंकवासकट. घासूनपुसून देऊ नये.