किमान आठ अंश

१२ एप्रिल
बाबांनी पुन्हा रोपं बाहेर काढली! मला न विचारता. टोमॅटोची चोवीस रोपं, आईच्या बियांच्या शेवटच्या पुडीतली. पुडी आता रिकामी. ही जगली तर पुढचं बी, नाहीतर संपलं. त्यांना हे ठाऊक आहे. तरी — "अगं, तासभर ऊन खाऊ दे, सवय लागते." वारा होता. दोन देठ वाकले. एकेक कागदी कप उचलून आत आणला.

१३ एप्रिल
स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला तापमान मोजणारा सेन्सर लावला. फ्रिजवर नियम चिकटवला: सलग पाच रात्री किमान आठ अंश, तरच बाहेर. बाबांनी चष्मा लावून वाचला. "सही कुठं करू, साहेब?"

१५ एप्रिल
बावीसच!
"दोन कुठं गेली?"
"रोज मोजतेस कशाला?"
हे उत्तर आहे?

१७ एप्रिल
अठरा. उंदीर म्हणे! उंदीर कपासकट नेतो? शेजारच्या काकूंना वाटली असणार. आई गेल्यावर तिचं शिवणयंत्रही असंच देऊन टाकलं. मी कामावरून आले तर कोपरा रिकामा.

१८ एप्रिल
पाचवी रात्र: ८.४. अठराही वाफ्यात लावली. बाबा उकिडवे बसून माती चाचपत होते. "गार आहे गं अजून. तुझी आई अनवाणी उभी राहायची. पाय काढून घ्यावासा वाटला नाही की म्हणायची, चला, लावू या."
मी म्हटलं, पायाला दशांश कळत नाहीत.
बाबांनी भिंतीकडे पाहिलं. मग — "ते यंत्र भिंतीलाच का लावलंस?"
पाऊस लागू नये म्हणून! एवढंही कळू नये? दार आपटून आत आले.

१९ एप्रिल
सगळी गेली. पानं काळी, उकडल्यासारखी. मातीवर बर्फाचा पापुद्रा. सेन्सर म्हणतो ८.२.
भिंतीला हात लावला. बाकीच्या भिंतीएवढी गार नाही. आतल्या बाजूला, नेमकी तिथंच, गरम पाण्याची टाकी.
कारखान्यात दिवसभर मी हेच करते — लोकांचे तापमापक तपासते, चुकीच्या जागी लावलेले दिसले की 'नापास' शिक्का मारते. वर त्यांना चार शब्द सुनावते.
तरी ओरडले बाबांवरच. कळत होतं तर अडवलं का नाही मला? हात धरायचा होता! ते कपबशी विसळत राहिले. "तुला अडवून कोण बघणार," एवढंच.

२० एप्रिल
माफी मागायला त्यांच्या खोलीत गेले. बाबा नव्हते. खिडकीत, पडद्यामागे, सहा कागदी कप. सहा रोपं, हिरवीगार. प्रत्येक कपावर चिकटपट्टी, तिच्यावर त्यांचं थरथरतं अक्षर:
'पोरीचा पारा चुकला तर.'