डाव्या पायाचा आवाज

सर, माझी मुलगी परवा पोलीस भरतीच्या मैदानावर धावणार आहे आणि तिच्या डाव्या पायाचा आवाज मला आवडलेला नाही. हे सांगायला मला दुसरं कोणी नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल, पाय हाये, आवाज तर येईनच. तुम्हाला जाऊन आता एकवीस-बावीस वर्षं झाली असतील. पण धावणाऱ्या माणसाच्या पायाबद्दल बोलायचं तर इथून दरेकशापर्यंत मला तुमच्याशिवाय माणूस सुचत नाही, म्हणून शाळेतला पोषण आहार शिजवून, भांडी घासून घरी आले आणि मुलीच्याच वहीतला कागद फाडून बसले.

तुम्ही आम्हाला धुऱ्यांवर पळवायचात. धान कापून झालं की बांध्या मोकळ्या व्हायच्या आणि शाळेमागच्या, दोन बांध्यांमधल्या त्या वीतभर रुंद धुऱ्यांवरून आम्ही सात-आठ पोरी अनवाणी, एकीमागे एक. धुऱ्यावर लांब ढांग टाकता येत नाही, टाकली की माणूस थेट बांधीत. पावलं लहान, अंगाच्या खाली पडणारी, गुडघे मोकळे, नजर समोर. हे तुम्ही तोंडानं फार कमी सांगितलंत, धुराच सांगायचा. तुम्ही पँट पोटरीपर्यंत दुमडून सगळ्यांच्या पुढे, आणि मागे न वळता म्हणायचात, "तिसरी पोट्टी ढोरावानी येऊन राहिली. पाय ठेव, आपटू नको." मी बहुतेक वेळा तिसरीच असायची. पाठीला कान असल्यासारखं तुम्हाला सगळ्यांचं पाऊल वेगळं ओळखू यायचं, आणि ती विद्या न मागता माझ्या अंगात उतरली. आता वाटतं, नसती उतरली तर बरं झालं असतं.

मुलीनं दीड-दोन महिन्यांपूर्वी मोबाईलवर पाहून बूट मागवले. बेअरफूट शूज म्हणतात त्यांना. तळ इतका पातळ की चपातीसारखी गुंडाळी करता येते, टाच जराही उचललेली नाही, पुढे बोटं पसरायला ऐसपैस जागा. मला म्हणाली, "आई, याच्यानं फॉर्म सुधरते. टाच आधी नाही पडत, पाय अंगाखाली पडते." मी हसले. म्हटलं, "म्हंजे अनवाणीच धावाचं, पण बूट घालून?" ती म्हणाली, "तसंच समज." खरं सांगते सर, मला तेव्हा फार अभिमान वाटला. जगाला आता जे कळतंय ते आमच्या सरांना चिखलात उभं राहून कळलं होतं, असं मी तिला दोन-तीनदा तरी ऐकवलं असेल. बुटांच्या डब्यात एक कागद होता. पहिले काही आठवडे नुसतं चालायचं, मग थोडंसं धावायचं, मग हळूहळू वाढवायचं, असं त्यात लिहिलं होतं. तिनं तो भिंतीला चिकटवायला घेतला तेव्हा मी म्हटलं, "ठेव तो बाजूले. आपण धानाच्या बांधीतले लोक, आपल्याले अनवाणी चालणं कोणी शिकवाचं?"

इथं मी चुकले. माझ्या पायाला दहावीपर्यंत चप्पल ठाऊक नव्हती. तिला मी स्वतः बालवाडीपासून बूट-मोजे घालून पाठवलं, कारण माझ्या टाचांच्या भेगांची मला लाज वाटायची. आम्ही पळायचो ते मातीवर, ती पळते बिरसीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर, कारण बांध्यांत उन्हाळी धानाचं पाणी उभं आहे. चिखल पायाला सांभाळून घेतो. डांबर घेत नाही. एवढं मला कळायला हवं होतं. मागच्या भरतीत ती थोडक्यात राहिली होती, यंदाची तारीख लागली होती आणि आम्हा दोघींना घाई होती.

सुरुवातीला पोटऱ्या दुखल्या, त्याचं काही वाटलं नाही. फॉर्म तर असा सुधारला की मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत राहायची. खांदे सैल, पावलं छोटी, आवाज जवळजवळ नाहीच. मग साधारण तीन आठवड्यांपूर्वी मी पाहिलं की ती डाव्या बुटाची नाडी सैल बांधते आहे. मग पाहिलं की ओट्यावरून उतरताना डावं पाऊल आडवं टाकते. एके दिवशी तिच्या चपलेचा पट्टा एका भोकानं सैल केलेला दिसला. रोज उजाडताना मी स्कूटीवर तिच्या मागं जाते, नाल्यावरच्या पुलियाजवळ गाडी बंद करते आणि ती वळून परत येईपर्यंत थांबते. त्या वेळी बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ पायलटांची विमानं अजून उठलेली नसतात, रस्ता गप्प असतो. ती दिसायच्या आधी ऐकू येते. उजवा पाय येतो आणि जातो. डावा येतो, आणि क्षणभर थांबून मग निघतो. आठ दिवस मी स्वतःला सांगितलं की रस्ता एका बाजूला उतरता आहे म्हणून तसं वाटतं. काल ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं आली. तोच आवाज.

तुम्हाला आठवत असेल, माझाही डावाच होता. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी तुम्ही धुऱ्यावर मधेच थांबलात आणि सगळ्यांना पुढे जायला सांगून मला बाजूला घेतलंत. "डावा पाय उशिरा उचलून राहिली तू. दुखते का?" मी म्हटलं, नाही सर. "कायले लपवून राहिली वो?" मी म्हटलं, नाही लपवत. तुम्ही तिथंच बांधीत उकिडवे बसता, माझं चिखलानं भरलेलं पाऊल गुडघ्यावर घेता आणि अंगठा एकेका हाडावरून बोटांपासून वर सरकवता, दाणे तपासल्यासारखा. मधल्या हाडावर एका जागी तो थांबतो. मी ओठ घट्ट मिटून धरते, पण डोळ्यांतून पाणी गळतंच. "उद्या तू नाही जात," तुम्ही म्हणालात. मी रडले, पाया पडले, उलट बोलले. तेव्हा तुम्ही मला तुमच्या कॉलेजातल्या एका दोस्ताचं सांगितलंत. दुखणं लपवून धावला, शेवटच्या फेरीत पायाचं हाड मोडलं आणि तुम्ही मैदानाबाहेर उभे असून तुम्हाला ते ऐकू आलं. "वाळली तुराटी मोडल्यावानी," तुम्ही म्हणालात, "मंग तो कधीच सीधा चालला नाही." मी तो आवाज आयुष्यात ऐकलेला नाही सर, पण पुलियावर उभी असते तेव्हा मी त्याचीच वाट बघत असते.

मी तुम्हाला माफ केलं नव्हतं. माझ्या जागी तुम्ही जिला नेलंत ती पुढं खेळतच गेली, आज ती खाकीत आहे, बाजारात दिसली की गाडी थांबवून बोलते. मी सहा आठवडे घरी बसले आणि बसलेच. पुढच्या वर्षी लग्नाचं बोलणं सुरू झालं. तुम्ही एकदा आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन पांढरे कॅनव्हासचे बूट ठेवून गेलात, आईनं चहा टाकला होता, मी चुलीपासून उठलेही नाही. ते बूट मी मावसबहिणीला देऊन टाकले. तुम्ही गेल्याची खबर आली तेव्हा मी सासरी होते आणि म्हटलं, धानाची रोवणी सुरू आहे, कशी जाऊ. रोवणी दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती. इतकी वर्षं मी मनात हेच धरून बसले की त्या मास्तरनं एका अंगठ्यानं माझं आयुष्य थांबवलं. पाय तेव्हा खरंच दुखत होता, टाचणी खुपसल्यासारखा दुखत होता, हा भाग मी कोणालाच सांगत नाही.

म्हणून मुलगी पोटात असतानाच मी ठरवलं होतं की हिला कोणी थांबवायचं नाही. आता थांबवायची पाळी माझ्यावर आली आहे. नवऱ्यानं सांगून ठेवलंय, "या खेपेले झालं तं झालं, नाही तं आमगावचे पाहुणे येऊन राहिले." पाहुणे वाईट नाहीत. मुलगा दुकान चालवतो, घर पक्कं आहे. पण ती बातमी ऐकली त्या दिवशी ती जेवली नाही आणि दुसऱ्या दिवशी दोन फेऱ्या जास्त धावली. आठशे मीटर, सर. दोन-तीन मिनिटांचं काम. मी दिवसभर हाच हिशोब करते, की हाड दोन-तीन मिनिटं तरी धरेल की नाही. मागं गावात डॉक्टरांचं शिबिर होतं तेव्हा मी तिला मुद्दाम गिरणीवर पाठवलं. हेही तुम्हाला सांगून टाकते.

आज सकाळी शाळेत निघण्याआधी मी भाजी फोडणीला टाकत होते आणि ती येऊन माझ्याजवळ जमिनीवर बसली. डावा पाय लांब करून माझ्या समोर ठेवला. पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध सूज होती, बोराएवढी, त्यावरची कातडी चकाकत होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी कढईत उलथनं फिरवत राहिले आणि म्हटलं, "मीठ कमी वाटून राहिलं का पाह्य बरं." तिनं चव घेतली, बरोबर आहे म्हणाली, आणि उठून गेली. जाताना पाऊल आडवंच टाकलं.

हा कागद पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवला नसता, कारण तुम्ही वाचता वाचताच चपला घालून निघाला असता. तुम्ही मला विचारलं होतं आणि मी खोटं बोलले होते. माझ्या मुलीला खोटं बोलता येत नाही सर, लहानपणापासून येत नाही. म्हणूनच मी तिला विचारलेलं नाही.