काठावरचं पाखरू

३ मार्च, मंगळवार

आज माझ्यामुळे वस्ताद अर्ध्या कामातून वर आले. सगळ्या धक्क्यासमोर शोभा!

झालं असं — वस्ताद खाली, धक्क्याच्या खांबांना चिकटलेले शिंपले खरवडत होते. वर मी, त्यांचा दोर धरून. पाण्याखालच्या माणसाला हाक मारून उपयोग नाही, जे बोलायचं ते दोरातून. एक हिसका म्हणजे ठीक. दोन म्हणजे सैल सोड. तीन म्हणजे वर. माझ्या पायाला आल्या मुंग्या. या पायावरून त्या पायावर झालो, खांदा झटकला, मान कडकड मोडली — आणि दोराला बसले तीन हिसके! वस्ताद हातातलं टाकून वर. हेल्मेट काढून म्हणाले, "काय झालं? आग लागली का कुठं?"

मी म्हटलं, "पायाला मुंग्या आल्या."

पैलवान — आमचा कॉम्प्रेसरवाला, खालच्या माणसाला हवा तोच पुरवतो — तो हसून हसून खालीच बसला. मुकादम हसला नाही. "दोर धरता येत नाही, आणि याला म्हणे पाणबुड्या व्हायचंय!"

व्हायचंयच! त्यासाठी तर घरापासून इतक्या लांब आलोय. पण इथली रीत पडली — आधी दोर, मग हेल्मेट. दोरावर जो कच्चा, तो कायमचा वर.

५ मार्च, गुरुवार

शाळा सातवीत सुटली. गुरुजी म्हणायचे, याला बाकाला खिळे ठोकून बसवला तरी बाकासकट पळेल. पळालो असतो! पण विहिरीत बुडी मारून माझ्याइतका वेळ गावात कोणी राहिलेला नाही, हे गुरुजींनीही बघितलंय. दम आहे छातीत. नाही तो फक्त पायात.

आज चहाच्या वेळी वस्तादांनी जवळ बसवलं. मला वाटलं, आता काढणार खरडपट्टी. तर म्हणाले, "तुझं पाखरू कोणतं?"

"म्हणजे?"

"पाण्यावर पोट असलेल्या माणसाला एक पाखरू भेटतं. पाण्याचंच. ते वाटाड्या. ते बोलत नाही, काही दाखवत नाही. ते कसं जगतं ते बघायचं, आणि आपलं आपण समजायचं."

त्यांचा पाणकावळा. रोज समोरच्या तरंगत्या पिंपावर येऊन बसतो. वस्ताद सांगत होते — "तो बुडतो, भिजतो, मग सगळ्यांसमोर पंख पसरून वाळत उभा राहतो. भिजल्याची लाज नाही त्याला. आणि पंख वाळल्याशिवाय घाई नाही. मी तरुण होतो तेव्हा एका दिवसात सारख्या बुड्या मारायचो. यानं शिकवलं. वर आलास की आधी वाळ."

मी विचारलं, "मला कधी भेटेल?"

"निवडायचं आपण नाही. ते निवडतं."

९ मार्च, सोमवार

मला खंड्या हवा. निळाशार, बाणासारखा पाण्यात घुसतो आणि मासा घेऊनच वर! माझंच पाखरू ते. दुसरं कोणाचं असणार?

आज एक घार अगदी डोक्यावर फिरत होती. वस्तादांना दाखवली. म्हणाले, "ती तुझ्यासाठी नाही. मासळीच्या टोपल्यांसाठी आलीय."

दोर आज बरा धरला. एकदाच हलला.

१२ मार्च, गुरुवार

बगळा! बगळा आला!!

पांढराही नाही. राखी, उंच, म्हाताऱ्यासारखा खांद्यात मान घालून बसलेला. मी दोर धरतो तिथून पाच-सहा हातांवर एक मोडका खांब आहे, त्यावर येऊन उतरला. वस्ताद खाली होते तितका वेळ हललाच नाही. काल पण हाच होता. परवा पण. मी मुद्दाम तिकडे बघत नव्हतो.

पैलवानानं ओळखलं. "अरे, तुझा गुरू आला की! या बगळेभगत, नमस्कार!" आता सगळा धक्का मला भगत म्हणतो.

वस्ताद वर आल्यावर त्यांनीही बघितलं. म्हणाले, "बगळा बुडी मारत नाही. काठावरचं पाखरू ते. आपल्या कामाचं नाही." आणि हेल्मेट पुसायला लागले.

म्हणजे काय? मी काठावरच राहणार?

१३ मार्च, शुक्रवार

ताईचा फोन. तिला सांगितलं, कोणाला तरी सांगायला हवं होतं.

"मग काय गरुड यायला हवा होता का? आरशात नाक बघ एकदा."

मी म्हटलं, चेष्टा नको, लोक भगत म्हणतात. तर म्हणाली, "लोकांना बगळा ढोंगी वाटतो कारण लोकांना इतकं गप्प उभं राहता येत नाही. तू बघ तरी नीट. तुझ्यासाठी इतका वेळ थांबणारं आजवर दुसरं कोण भेटलंय?"

ही बाई पोळ्या लाटता लाटता असलं काहीतरी बोलते आणि फोन ठेवून देते.

१८ मार्च, बुधवार

नीट बघितलं. आता लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

ओहोटीला बगळा खांबावरून काठच्या उथळ पाण्यात उतरतो. उभा असतो तेव्हा रिकामा नसतो. मान आत ओढून घेतलेली असते. म्हणजे सगळी धाव आत घडी घालून ठेवलेली! मासा आला की ती घडी सुटते, इतकी झटकन की डोळ्याला दिसत नाही. आळशी कुठला? त्याच्यात माझ्यापेक्षा जास्त वळवळ आहे. फक्त ती तो पायावर उधळत नाही.

आणि दुसरं. पाय पाण्यात, डोकं हवेत. खालचं त्याला पायानं कळतं. मला दोरानं. मीही तसाच — ना खालचा ना वरचा, दोघांच्या मध्ये उभा. कोणीतरी मध्ये उभं असतं म्हणून खालचा माणूस खाली राहू शकतो.

हे मला कोणी शिकवलेलं नाही. माझं मी काढलं!

आज दोर अजिबात हलला नाही. मान आत ओढली, धाव आत ठेवली. बोटांत काय काय कळतं! वस्ताद खरवडतात ते कळतं, थांबतात ते कळतं. एकदा शिंकले असावेत, ते पण कळलं.

२४ मार्च, मंगळवार

जेवण नंतर. आधी हे लिहिणारच.

वस्ताद आज जुन्या खांबांच्या दाटीत गेले होते. मध्येच दोर ताठ झाला. नेहमीचा ताठ नाही — मेलेला ताठ. भिंतीला बांधल्यासारखा. मी एक हिसका दिला. उत्तर नाही.

पैलवान ओरडला, "अडकले! ओढ! ओढ लवकर!" मुकादम धावत आला, तोही "ओढ!" सगळे ओढ ओढ करायला लागले. पैलवानानं दोराला हात घातला. मी खांद्यानं त्याला ढकलला. पैलवानाला! मी!

कारण ओढलं तर काय झालं असतं? दोर कुठंतरी खांबाभोवती फिरला होता आणि हवेची नळी त्याच्याच शेजारून जाते. दोर आवळला की नळी आवळली.

बगळा खांबावर होता. एवढ्या आरडाओरड्यात उडाला नाही. मी त्याच्यासारखा उभा राहिलो. मान आत. सगळं आत. पैलवान शिव्या घालतोय, "मरतील ते खाली, भगता!" आणि मी बोटांवर कान ठेवून उभा.

मग कळलं. एकदम बारीक. मासा घासून गेल्यासारखं. एक — आणि परत एक. दोन! सैल सोड!

मी सैल सोडला. भरपूर. मुकादमानं डोळे मिटून घेतले. मग दोर खाली जिवंत झाला, वळला, सुटला — आणि तीन हिसके! खणखणीत!

वस्ताद वर आले. हेल्मेट काढलं. कानातून रक्ताची धार मानेपर्यंत आली होती. चहा मागितला. अर्धा कप संपल्यावर मुकादमाला म्हणाले, "आज दोरावर माणूस होता."

बस. एवढंच. पण मला आता कोणी काही दिलं नाही तरी चालेल. कोणाला भगत म्हणायचं तर म्हणा! मी बगळ्याचा भगत आहे. मोठ्यानं म्हणा!

२६ मार्च, गुरुवार

पैलवानानं स्वतःहून चहा आणून दिला. वर म्हणतो, "खांदा दुखतोय अजून. काय खातोस रे?"

ताईला सगळं सांगितलं. ती रडली, आणि म्हणाली सर्दी झालीय.

३० मार्च, सोमवार

डॉक्टरनं वस्तादांना सांगितलं — पाण्याच्या दाबानं कानाचा पडदा गेला. परत खाली उतरलात तर दुसराही कान जाईल. बुडी कायमची बंद.

मुकादमानं मला बोलावलं. गुरुवारी खाली तू. मी "हो" म्हणायच्या आधीच पाय उड्या मारायला लागले होते.

मग वस्तादांकडे वळला. "आणि दोरावर तुम्ही."

वस्ताद चिडले. "मी? काठावर उभा राहू? उभा जन्म पाण्याखाली गेला माझा. मी काय बगळा आहे?"

पाणकावळा पिंपावर पंख पसरून बसला होता. त्यांनी तिकडे पाठ केली.

२ एप्रिल, गुरुवार

खाली गेलो! हिरवं, मग काळं, मग फक्त माझा श्वास. भीती वाटली नाही. विहीर आठवली.

पण दोर! सारखा एक हिसका — ठीक ना? मी उत्तर देतो, ठीक. लगेच परत एक. परत एक. खरवडणी टेकवतोय तोवर परत! आणि मग तीन. मी हातातलं टाकून वर.

हेल्मेट काढलं. "काय झालं, वस्ताद?"

त्यांनी दोर अजून दोन्ही मुठींत आवळून धरला होता. त्यांनी तोंड फिरवलं. "काही नाही. पायाला मुंग्या आल्या."

पैलवानानं आपला चहा त्यांच्यापुढे सरकवला.

थोड्या वेळानं मोडक्या खांबाकडे बघत वस्ताद हळूच म्हणाले, "तुझा बगळा किती वाजता येतो रे?"